पत आणि ऐपत : ‘कोर्ट’मधले एक लाख रुपये

मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायाच्या कल्पनेवर बोललो. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवलं की सर, हे फार उंचावरून चाललंय, जरा खाली या. म्हणून आज खाली आलो आहोत. थेट तुरुंगाच्या दारापर्यंत. आजचा विषय जामीन.

बोलायला हाताशी एक कलाकृती हवी, ती आहे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट. २०१४ साली तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल, काहींनी अर्ध्यात सोडलाही असेल, कारण त्यात ‘काही घडत नाही’ अशी तक्रार आम्ही पुष्कळ ऐकली आहे. आमचं म्हणणं असं की त्यात एक मोठी गोष्ट घडते, पण ती इतक्या पटकन आणि इतक्या सपाट आवाजात घडते की आपल्या लक्षात येत नाही.

कथा थोडक्यात आठवू. नारायण कांबळे नावाचा वयस्क लोकशाहीर. ही भूमिका नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केली होती, २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनानं ते गेले. कांबळेवर आरोप असा की त्याच्या एका गाण्यामुळे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या सफाई कामगारानं आत्महत्या केली. खटला चालतो, तारखा पडतात. शेवटी त्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि कळतं की नवऱ्याला सुरक्षेचं काहीच साधन मिळत नव्हतं, आत हवा आहे की नाही हे तो झुरळ बाहेर येतं का यावरून ठरवायचा. आत्महत्येची गोष्ट तिथेच ढासळते. आणि न्यायाधीश काय करतात? कांबळेला सोडत नाहीत. जामीन देतात. एक लाख रुपयांचा. कांबळेजवळ एक लाख नाहीत. ते त्याचा वकील विनय व्होरा स्वतःच्या खिशातून भरतो.

बस्स. दृश्य संपलं. चित्रपट पुढे जातो, प्रेक्षकही पुढे जातो. आम्ही मात्र तिथेच अडकलो, त्याला एक खाजगी कारण आहे. ते नंतर सांगू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो सुशिक्षितांतही सर्रास आढळतो. ‘एक लाखाचा जामीन’ म्हणजे एक लाख रुपये कोर्टात नेऊन ठेवायचे, असं आपल्याला वाटतं. तसं नेहमी नसतं. आरोपी स्वतः एक बंधपत्र लिहून देतो, ते जातमुचलक. मी तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर अमुक रक्कम सरकारजमा होईल. कोर्टानं मागितलं तर दुसरा कुणीतरी त्याच्यासाठी तसंच लिहून देतो, तो जामीनदार. सुरुवातीला या दोघांपैकी कुणाच्याही खिशातून पैसा जात नाही. आरोपी पळाला तर बंधपत्र जप्त होतं आणि मग वसुली. रोख रक्कम भरून सुटणं हा तिसरा मार्ग. मुंबईसारख्या ठिकाणी कोर्ट पुष्कळदा काही आठवड्यांच्या मुदतीवर रोख घेतं आणि तेवढ्यात जामीनदार आणा म्हणतं. अटकपात्र गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क, अजामीनपात्र असेल तर तो कोर्टाच्या विवेकावर. गंमत बघा, १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘जामीन’ या शब्दाची व्याख्याच नव्हती. ती पहिल्यांदा आली भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४पासून लागू झाली. तिनं जामीनदारासह लिहून द्यायचं बंधपत्र आणि जामीनदाराशिवायचं बंधपत्र, असा भेदही स्पष्ट केला.

आता शब्दाकडे येऊ, आमचा मूळ धंदा तोच. मराठीत जामीन म्हणजे सुटका, असा अर्थ आज रूढ आहे. ‘त्याला जामीन झाला.’ पण जुना अर्थ माणूस असा आहे. ‘मी त्याला जामीन राहिलो.’ फारसीतून आलेला हा शब्द मुळात माणसाचाच वाचक. आपल्या भाषेनं माणसाचं नाव सुटकेला दिलं, कारण माणूस उभा राहिल्याशिवाय सुटका नव्हती.

संस्कृतात त्या माणसाला ‘प्रतिभू’ म्हणतात. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले आहेत. दर्शनासाठी, प्रत्ययासाठी आणि दानासाठी. दर्शनप्रतिभू म्हणतो, ‘मी या माणसाला तुमच्यासमोर हजर करीन.’ प्रत्ययप्रतिभू म्हणतो, ‘हा माणूस विश्वासाचा आहे.’ दानप्रतिभू म्हणतो, ‘यानं दिलं नाही तर मी देईन.’ आणि स्मृतिकारांची बारकाई अशी की जामीनदार मेला तर त्याच्या मुलांवर बोजा पडतो तो फक्त तिसऱ्या प्रकारात. पहिल्या दोन प्रकारांत पडत नाही. का? कारण बापाची ओळख आणि बापाचा शब्द वारशानं मिळत नाहीत. कर्ज मिळतं. स्मृतींत आज न पटणारं पुष्कळ आहे, ते आम्ही याच व्यासपीठावर बोललो आहोत. पण हा भेद ज्यानं केला त्याला माणसं कळत होती.

फौजदारी जामिनाचा हेतू काय? आरोपीनं खटल्याला हजर राहावं. म्हणजे हा निव्वळ दर्शनाचा मामला. पण कोर्टात गेल्यावर विचारलं काय जातं? सात-बारा आहे का, घरपट्टीची पावती आहे का, पगारपत्रक आहे का, ऐपतीचा दाखला आणा. म्हणजे काम दर्शनप्रतिभूचं आणि परीक्षा दानप्रतिभूची. मराठीत पत आणि ऐपत असे दोन शब्द आहेत, कानाला जवळचे, अर्थानं लांबचे. पत ही ओळखीच्या माणसांत असते, ऐपत कागदावर असते. कोर्टाला माहिती हवी असते पतीची, ते तपासतं ऐपत.

हा दोष कुणाच्या लक्षात आला नाही असं नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, मध्य प्रदेशातलं. वरच्या कोर्टानं जामीन दिला होता, पण खाली दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ पुढे आला, तर त्याला नाकारलं, कारण भाऊ आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात या प्रकाराची सालटी काढली आहेत. जामीन या शब्दात जामीनदाराशिवायची सुटकाही येते असं त्यांनी सांगितलं आणि गवंड्याला एक हजाराच्या बंधपत्रावर सोडायला लावलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी समोर आले. न्यायमूर्ती भगवती यांनी तेव्हा न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटन जामीन प्रकल्पाचा दाखला दिला. १९६१ साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पात आरोपीला प्रश्न विचारत ते असे की तू कुठे राहतोस, किती वर्षं, घरी कोण, काम काय. मुळं घट्ट असलेल्याला पैशाशिवाय सोडा अशी शिफारस होई, आणि अशी माणसं तारखेला येत. म्हणजे याज्ञवल्क्याचा दर्शनप्रतिभू अटलांटिकपलीकडे प्रश्नावली होऊन आला म्हणा.

नंतर काय झालं? ३१ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नका, जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्याभरात बंधपत्र देता आलं नाही तर कोर्टानं आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा. गवंड्याचा भाऊ पंचेचाळीस वर्षांनी तिथेच उभा होता! २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, शेकड्याला पंचाहत्तरहून जास्त. हे सगळे पैशाअभावी आत आहेत असं आम्ही म्हणत नाही. पुष्कळांना जामीन नाकारलेला असतो. पण जामीन मंजूर होऊन आत राहिलेला एकही माणूस असेल तर त्याचं कारण विचारावं लागतं.

आता परत ‘कोर्ट’कडे. त्यात न्यायालयाबाहेरची लांबलचक दृश्यं आहेत. वकील व्होरा एका भारी दुकानात चीज-वाइनची खरेदी करतो. सरकारी वकील नूतन लोकलनं घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते. न्यायाधीश सुट्टीत नातेवाईकांबरोबर सहलीला जातात. समीक्षकांनी याला ‘वर्गीय निरीक्षण’ वगैरे म्हटलं. बरोबर आहे. पण आमच्या मते ती दृश्यं खटल्याच्या बाहेरची नाहीत. ती जामिनाची कागदपत्रं आहेत. कुणाच्या मागे कोण उभं आहे, कुणाच्या खिशात काय आहे, याचा पंचनामा दिग्दर्शक शांतपणे करून ठेवतो. म्हणून व्होरानं एक लाख भरले तेव्हा आपल्याला धक्का बसत नाही. ती खरेदी आपण पाहिलेली असते. कांबळे मात्र आपल्याला सुरुवातीला दिसतो तो खोलीत मुलांना शिकवताना. गावभर लोक त्याची गाणी ऐकतात. पत म्हणाल तर उदंड. ऐपत शून्य.

आणि इथेच चित्रपटाबद्दल आमची तक्रार आहे. व्होरानं पैसे भरणं फार सोपं करून टाकलं आहे. वकिलानं अशिलाचा जामीन स्वतः भरावा हे प्रत्यक्षात किती वेळा होतं? त्या एका उदारपणानं मधला सगळा रस्ता गिळला आहे. जामीनदार शोधणं, रेशनकार्डाची झेरॉक्स, पोलिसांची पत्ता-पडताळणी, कोर्टाच्या कारकुनाची सही, सुटकेचा आदेश तुरुंगाच्या पेटीत वेळेत पडणं. ज्या चित्रपटानं कंटाळ्याला कलेचा दर्जा दिला, त्यानं याच कंटाळ्याला कात्री लावावी? २०२१च्या ऑक्टोबरमध्ये एका बड्या अभिनेत्याच्या मुलाला मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिला. रक्कम तीच, एक लाख. त्याच्यासाठी एक नामवंत अभिनेत्री जामीन राहिली. तरीही कागद आर्थर रोडच्या पेटीत वेळेत पोचले नाहीत म्हणून एक रात्र जास्त गेलीच. एवढी ऐपत असून एक रात्र. मग कांबळेची किती गेली असती, ते दाखवायला हवं होतं.

दुसऱ्या अटकेबद्दल लांबवत नाही. कांबळे बाहेर येतो, पुन्हा गाऊ लागतो, पुन्हा पकडला जातो, या वेळी यूएपीएखाली. त्या कायद्यात २००८ साली आलेल्या तरतुदीनं जामीनच दुर्मीळ केला आहे, तिथे ऐपत असूनही उपयोग नाही. न्यायाधीश सुट्टीवर जातात, कोर्टातले दिवे एकेक करून मालवले जातात. हे दृश्य मोठंच आहे.

आता ते खाजगी कारण. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला मोबाइल चोरल्याच्या आरोपावरून धरलं. पोरगा एकोणीस वर्षांचा, गॅरेजमध्ये कामाला. ज्याचा मोबाइल गेला तोही रिक्षावाला, हातावर पोट असलेला. त्याची बाजू नव्हती असं नाही. खटला व्हावा, आरोपी हजर असावा, हा त्याचा हक्क होताच. पंधरा हजारांच्या एका जामीनदारावर सुटकेचा आदेश झाला. मावशींचा भाऊ बीडकडचा, दोन एकरवाला, तो रातोरात आला. त्याला सांगण्यात आलं, बाहेरच्या जिल्ह्यातला चालत नाही. तोवर चार दिवस गेलेले. मग मावशी आमच्याकडे आल्या.

आम्ही रुबाबात कोर्टात गेलो. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टरेट, छत्तीस वर्षं नोकरी. कारकुनानं आमचा पेन्शनचा कागद पाहिला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, ‘सर, पेन्शन जप्त करता येत नाही ना, मग ऐपत कशात धरायची? घराची घरपट्टी आणा.’ घर मंडळींच्या नावावर. (हशा) हसा, पण त्या दिवशी आम्हांला कळलं की कायद्याच्या डोळ्यांत आम्ही जवळजवळ निराधार आहोत. मंडळी तेव्हा मुलीकडे नाशिकला. रोख भरून सुटता येतं हे आम्हांला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

फाटकापाशी एक गृहस्थ भेटले. हातात रबरबँड लावलेलं रेशनकार्डांचं बंडल. म्हणाले, ‘सर, तीन हजार द्या. जामीनदार माझा, कागद पक्के, संध्याकाळी पोरगं घरी.’

अमेरिकेत हा उघड धंदा आहे. दुकानावर पाटी लावून जामीन विकतात, साधारण रकमेच्या दहा टक्के घेऊन, आणि ते पैसे परत मिळत नाहीत. केंटकीसारख्या राज्यांनी तो बंद केला, इलिनॉयनं तर २०२३च्या सप्टेंबरपासून पैशाचा जामीनच काढून टाकला. आपल्याकडे इंग्रजी कायद्याचा वारसा वेगळा. जामीनदाराला त्याच्या जोखमीची भरपाई देण्याचा करार अवैध, असं इंग्लंडमध्ये १८८५ सालीच ठरलं, कारण पैसे मिळालेला जामीनदार आरोपीवर लक्ष ठेवील कशाला? युक्तिवाद उत्तम आहे. पण आपण धंद्याला मनाई केली आणि मागणी तशीच ठेवली, म्हणून धंदा फाटकाबाहेर उभा राहिला. २०२३मध्ये केंद्र सरकारनं गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत. हेतू चांगला. पण विचार करा, धरायचं सरकारनं, रक्कम मागायची सरकारच्या कोर्टानं, आणि ती भरायची सरकारनंच. मग रक्कम मागितलीच कशाला?

असो. आम्ही त्या गृहस्थांना नाही म्हणालो. खोट्या जामीनदारानं न्यायाची सुरुवात करणं आमच्या तत्त्वात बसत नव्हतं. मावशींनाही तसं समजावून सांगितलं. त्या दिवशी आम्ही त्यांना सॉक्रेटिसाची गोष्ट सांगितली नाही हे नशीब. वर्गात मात्र ती आम्ही वर्षानुवर्षं सांगितली. सॉक्रेटिसाच्या खटल्यात तीस मिना दंडाला जामीन राहायला त्याचे मित्र तयार होते, त्यांत प्लेटो आणि क्रितो होते. आणि ‘फीडो’ या संवादात शेवटच्या दिवशी सॉक्रेटिस थट्टेनं म्हणतो की क्रितो न्यायाधीशांना जामीन राहिला होता, मी इथेच राहीन म्हणून. आता तुम्ही क्रितोला उलटा जामीन राहा, की मेल्यावर मी इथे राहणार नाही. वर्गात पोरं हसायची. जामीन ही मित्रांच्या पतीची गोष्ट आहे हे आम्ही किती सहज शिकवत होतो!

मंडळी नाशिकहून आल्या, घरपट्टी, फोटो, रेशनकार्ड झालं, मग पोलिसांची पडताळणी, मग एक सुट्टी. मुलगा अकराव्या दिवशी सुटला. पैसे दिले असते तर पाचव्या दिवशी सुटला असता. मधल्या दिवसांत गॅरेजवाल्यानं दुसरा पोरगा ठेवला. मावशी आम्हांला एवढंच म्हणाल्या, ‘सर, तुमचं बरोबरच आसंल. पण सहा दिवस तुमचे नव्हते, त्याचे होते.’

आम्ही आजही भाडोत्री जामीनदाराच्या बाजूचे नाही. तरी या वाक्याला आमच्याकडे उत्तर नाही, छत्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवूनही.

आता एक प्रश्न आला आहे, तो घेतो आणि थांबतो. एका श्रोत्यांनी विचारलंय, पैशाची भीती नसेल तर आरोपी येईल कशाला? योग्य प्रश्न. काही येणारही नाहीत, हे मान्य करायला हवं. पण पैशाची भीती असूनही न येणारे, विमानानं जाणारे, आपण पाहिलेच आहेत. त्या मुलाचा खटला चार वर्षं चालला. शेवटी निर्दोष सुटला. एकही तारीख त्यानं चुकवली नाही. प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी तो घरी यायचा, दारातूनच सांगायचा, ‘काकू, उद्या तारीख आहे, मी जातोय.’ पंधरा हजार हा आकडा त्याच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नाही. सही केलेल्या काकूंना त्रास होऊ नये एवढंच त्याला कळत होतं.

जामीन घेताना कोर्टानं आमच्या रेशनकार्डाच्या मागे शिक्का मारला होता, त्याच कार्डावर दुसऱ्याला जामीन राहता येऊ नये म्हणून. तो अजून आहे. कार्ड जीर्ण झालंय, नवं करून घ्या म्हणून मुलगी मागे लागते. मंडळी देत नाहीत.